बोट राखाडीच होती

सल्ला सदर, जुलै २००८

वाचकाचं पत्र :

ताई, मी बासष्ट वर्षांची आहे. इंग्लंडात येऊन छत्तीस वर्षं झाली. यजमान इथल्या इस्पितळात डॉक्टर होते. रात्री-अपरात्री फोन वाजायचा आणि हे कोट चढवून निघायचे. लग्नानंतर आम्ही दोघं निवांत असे कुठे गेलोच नाही. अपवाद एकच. १९८२च्या ऑक्टोबरात, मुलाला लीड्सला नणंदेकडे ठेवून, आम्ही साउथॅम्प्टनहून न्यू यॉर्कला ‘क्वीन एलिझाबेथ टू’ या बोटीने गेलो. पाच दिवस फोन वाजला नाही. रोज रात्री घड्याळं एक तास मागे घ्यायची असत. हे म्हणायचे, “हा तास हिशेबात नाही. हा तुझा.” मग त्या तासात आम्ही डेकवर फिरायचो, नाहीतर क्वीन्स रूममध्ये नुसते बसून राहायचो. येताना विमानाने आलो.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. मी रडले नाही. खरंच नाही. पण गेल्या वर्षी जूनमध्ये बोट दुबईला विकल्याची बातमी टीव्हीवर आली आणि मी ओट्याला धरून रडले. धाकट्या जावेला सांगितलं तर म्हणाली, “लोखंडासाठी काय रडायचं?” माझी मलाच लाज वाटली. माणूस गेला तेव्हा डोळ्यांत पाणी नाही, आणि बोटीसाठी एवढं?

आता मुलाने १० ऑक्टोबरच्या फेरीची दोन तिकिटं काढली आहेत. जाताना बोट, येताना विमान, अगदी आमच्यासारखं. तो बरोबर येणार आहे. मला जावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. आणखी एक. माझ्या आठवणीतली बोट फिकट राखाडी आहे. मुलगा म्हणतो, ती पहिल्यापासून काळी, सगळ्या फोटोंत काळीच आहे. आमच्याकडे फोटो नाहीत, रोल न्यू यॉर्कला टॅक्सीत राहिला. मग बाकीचंही मी मनानेच रचलंय का? जाऊ की नको?

उत्तर :

ताई,

तुमची बोट राखाडीच होती. हे आधी सांगते, कारण पत्रात तुम्ही ते सगळ्यांत शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय, आणि मला वाटतं तुमची झोप त्यानेच उडाली आहे.

मुलाचंही खरं आहे, म्हणून त्याच्यावर रागावू नका. १९६९पासून आजपर्यंत जवळजवळ सगळा काळ या बोटीची कूस गडद रंगाची राहिली, लांबून काळीच वाटेल अशी. पण मधे एक छोटा काळ असा आला की ती गारगोटीसारखी फिकट राखाडी रंगवली होती. तो काळ म्हणजे १९८२चा उन्हाळा सरल्यापासून १९८३पर्यंतचा. वर्षसुद्धा भरलं नाही. फिक्या रंगावर गंजाचे ओघळ दिसत, धक्क्याला घासल्याच्या खुणा दिसत, आणि जुन्या प्रवाशांना तो रंग मुळीच रुचला नव्हता. पुढच्या वर्षी तो गेला. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत बोटीने तो कपडा जेमतेम काही महिने अंगावर घातला आणि तुम्ही दोघं नेमके त्याच महिन्यांत तिच्यावर चढलात. ज्याने ती राखाडी पाहिली नाही त्याला हे सुचणारसुद्धा नाही. तुम्ही हे रचलं असतंत तर काळीच बोट रचली असतीत.

धुराड्याचंही आठवून बघा. ते लाल होतं ना? नारिंगीकडे झुकणारं लाल, वर काळे पट्टे? तेही त्याच वर्षाचं. त्याआधी तेरा वर्षं या बोटीचं धुराडं पांढरं होतं. कंपनीचा जुना लाल रंग तिला पहिल्यांदा मिळाला तो १९८२मध्ये.

हे रंग का बदलले, ते तुमच्या यजमानांना नक्की माहीत असणार. त्या वर्षी इंग्लंडात राहणाऱ्या कुणालाही माहीत होतं. फॉकलंडचं युद्ध, दक्षिण अटलांटिकातल्या त्या बेटांवरून अर्जेंटिनाशी झालेलं. मे महिन्यात सरकारने बोट ताब्यात घेतली. काही दिवसांत तिच्यावर हेलिकॉप्टर उतरवायच्या जागा बांधल्या, गालिच्यांवर हार्डबोर्ड ठोकले, किमती सामान उतरवलं, आणि १२ मेला सुमारे तीन हजार सैनिक घेऊन ती साउथॅम्प्टनहून निघाली. स्कॉट्स गार्ड्स, वेल्श गार्ड्स आणि गुरखे. दक्षिणेला हिमनगांच्या पाण्यातून रात्री दिवे मालवून गेली. तिकडच्या साउथ जॉर्जिया बेटाशी सैनिक दुसऱ्या बोटींवर चढवले. येताना तिच्यावर कॉव्हेंट्री, अर्डेंट आणि अँटिलोप या तीन बुडालेल्या युद्धनौकांवरून वाचलेले खलाशी होते. ११ जूनला ती परत आली तेव्हा राजमाता स्वतः राजघराण्याच्या ‘ब्रिटानिया’ नौकेवरून तिला सामोरी गेली होती. त्याच्या तीनच दिवस आधी फॉकलंडमधल्या फिट्झरॉयला ‘सर गॅलहॅड’ या सैन्य नेणाऱ्या ब्रिटिश जहाजावर बॉम्ब पडले आणि वेल्श गार्ड्सचे बत्तीस जवान गेले. दक्षिणेला जाताना ते याच बोटीच्या डेकवर सकाळी धावायचे.

त्यानंतर डागडुजी झाली, ऑगस्टमध्ये ती पुन्हा प्रवासी घेऊन निघाली, आणि ऑक्टोबरात तुम्ही आलात. म्हणजे तुम्ही रात्री ज्या फळ्यांवरून दोघंच हिंडत होतात त्यांवर पाच महिन्यांपूर्वी बुटांचा आवाज होता. हे मी तुमच्या आठवणीवर ओझं म्हणून ठेवत नाही. तुमची आठवण किती खरी, तिला तारीख-वार आहे, एवढंच दाखवायचंय. मुलाला १९८२च्या शरद ऋतूतला एखादा रंगीत फोटो शोधायला सांगा. मिळेल.

आता रडण्याचं.

जाऊबाईंवर मी रागावले नाही, कारण माझ्याही घरात हेच वाक्य ऐकून झालंय. मी या बोटीने दोनदा अटलांटिक ओलांडला, १९८४मध्ये आणि १९९०मध्ये. बातमी आली त्या संध्याकाळी मीही जेवले नाही. तेव्हा मला कुणी म्हटलं, “अगं, वस्तूच ना ती?” मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय ते तुम्हाला लिहिते.

माणूस जातो तेव्हा घरात कामं असतात. दाखला, बँक, फोन, येणारी-जाणारी माणसं, त्यांचं चहापाणी. तुम्ही डॉक्टरची बायको. इतकी वर्षं तुम्ही फोन वाजला की उठायचं, दार उघडायचं, कोट पुढे करायचा, हे शिकलात. अशा बाईला त्या दिवसांत रडायला उसंत कुठून मिळणार? लोक म्हणाले असतील, किती धीराची आहे. आणि एकदा धीराचं नाव पडलं की मग महिन्याने, सहा महिन्यांनी रडायचीही चोरी. रडू कुठे जात नाही, ताई. ते थांबून राहतं. ज्या जागी तो माणूस पूर्ण तुमचा होता, मधे फोन नव्हता, पेशंट नव्हता, त्या जागेवरच कुणी बोट ठेवलं की ते बाहेर येतं. तुमच्या बाबतीत ती जागा २९३ मीटर लांब होती आणि बातमीत तिचं नाव घेतलं गेलं. तुम्ही ओट्याला धरून रडलात त्या दिवशी तुमचं दुखवट्याचं रडू दोन वर्षांनी झालं, असं मी समजते. यात लाज कसली? उलट मला तर हायसं वाटलं वाचून.

शिवाय बोट म्हणजे नुसतं लोखंड, हे त्यांना पटतं ज्यांनी ती फक्त धक्क्याला बांधलेली पाहिली. आपल्या भाषेत जहाज ‘ते’ असतं, पण बोट ‘ती’च असते. खलाशीही तिला ‘ती’ म्हणतात आणि त्यात लाडापेक्षा अनुभव जास्त असतो. क्लाइड नदीकाठी, क्लाइडबँकच्या जॉन ब्राउनच्या गोदीत ती बांधली. २० सप्टेंबर १९६७ला राणीने तिला पाण्यात सोडलं तेव्हा सोन्याची कात्री तीच वापरली, जी आजीने ‘क्वीन मेरी’ आणि आईने ‘क्वीन एलिझाबेथ’ पाण्यात सोडताना वापरली होती. दोरी कापली, बटण दाबलं, आणि बोट जागची हलेना! मिनिटभर सगळी गोदी श्वास रोखून उभी. मग हळूहळू घसरायला लागली. पुढे टर्बाइनांनी असा त्रास दिला की पहिली फेरी लांबून २ मे १९६९ उजाडला. बांधणाऱ्यांना तेव्हाही लोक सांगत होते की आता जेट विमानांचा जमाना आहे, हा खर्च बुडीत. त्यानंतर पंचवीस लाखांच्या आसपास माणसं तिच्यावरून जाऊन आली. आठशेच्या घरात अटलांटिकच्या फेऱ्या झाल्या. गेल्या महिन्यात, २ जूनला, तीच राणी ब्याऐंशी वर्षांची होऊन साउथॅम्प्टनला तिचा निरोप घ्यायला चढली. तिला कुणी विचारलं नसेल की लोखंडाला काय भेटायचं.

पण एक गोष्ट मला तुम्हाला स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तुमच्या भीतीचं मूळ तिथे आहे असं वाटतं. तुम्ही १० ऑक्टोबरला ज्या बोटीवर चढाल ती १९८२ची बोट नाही. ती बोट कधीच गेली. दुबईवाल्यांनी नेलेली नाही. ती टप्प्याटप्प्याने, डोळ्यांदेखत गेली.

१९८६च्या ऑक्टोबरात ती जर्मनीत ब्रेमरहाफनला गेली आणि सहा महिने तिथे होती. आतली वाफेची सगळी यंत्रं काढून टाकली आणि नऊ मोठी डिझेल इंजिनं बसवली. तुमच्या वेळचं सडपातळ धुराडं काढून त्याच्या जागी रुंद, जाड धुराडं आलं. मी १९८४ला गेले तेव्हा रात्री उशीला कान लावला की खूप खालून एक अखंड, बारीक गुणगुण ऐकू यायची. तुम्हालाही आठवत असेल. ग्लासातलं पाणी हलायचं नाही. १९९०ला मी मुद्दाम त्या गुणगुणीसाठी गेले. पहिल्या रात्री कान लावला तर वेगळाच आवाज, आणि बशीत चमचा किणकिणत होता. मला फसवल्यासारखं झालं. भाडं देऊन मी कुणा दुसरीच्याच घरी आले होते! दोन दिवस तोंड पाडून हिंडले. जेवणाच्या टेबलावर धड बोललेही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्वीन्स रूममध्ये चहाला बसले होते. तुमचीच खोली. ते पांढरे खांब आठवतात ना, खाली बारीक आणि वर तुतारीसारखे उमलत छताला मिळणारे? दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि बोट कलली की एका बाजूला नुसतं आकाश, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी, मग अदलाबदल. समोर एक म्हातारं जोडपं वाकून वाकून नाचत होतं, बोटीच्या कलाने पाय टाकत. त्यांना या डिझेलचं काही नव्हतं. ती बोट त्यांची होती आणि त्या दुपारी होती. मी मग उठून डेकवर गेले आणि उरलेले दिवस ज्या बोटीवर मी होते त्या बोटीवर राहिले. १९९४ला आतून पुन्हा मोठी फेररचना झाली, म्हणजे माझी १९९०ची बोटही आता नाही. क्वीन्स रूम मात्र आहे, खांबही आहेत.

म्हणून तुमचं उत्तर : जा. पण यजमानांना शोधायला जाऊ नका. ते तिथे कठड्याशी उभे दिसतील या आशेने गेलात तर पहिल्याच रात्री केबिनमध्ये दार लावून बसाल आणि मुलगा बाहेर ताटकळेल. बोटीला भेटायला जा. एका म्हाताऱ्या, कितीदा अंगावर शस्त्रक्रिया झालेल्या, युद्धावर जाऊन आलेल्या आणि अजून अटलांटिक कापणाऱ्या बोटीला, जिच्याशी तुमची पाच दिवसांची जुनी ओळख आहे. मधे जे आठवायचं ते आठवेल.

ती विकली याचा राग तुमच्या पत्रात ओळींमागे दिसतो. तो थोडा कमी व्हावा म्हणून लिहिते. ती तशीही फार वर्षं चालली नसती. चाळिशीला आलेली बोट, इंधनाचा खर्च वेड लावणारा, आणि २०१०पासून प्रवासी जहाजांवर जळाऊ साहित्याबद्दलचे आंतरराष्ट्रीय नियम इतके कडक होतायत की तिच्या आतलं किती लाकूड उपटावं लागलं असतं कोण जाणे. दुबईच्या सरकारी कंपनीने दहा कोटी डॉलर मोजले, तरंगतं हॉटेल करायचंय म्हणून. मला त्यात आनंद नाही. बोट बांधून ठेवलेली मला बघवत नाही. पण दुसऱ्या वाटा कुठल्या होत्या तेही बघा. पहिली ‘क्वीन एलिझाबेथ’ १९७२मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळून आडवी झाली. फ्रेंचांची देखणी ‘फ्रान्स’, जी नंतर ‘नॉर्वे’ झाली, तिला २००६मध्ये ‘ब्लू लेडी’ या नावाने गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं. आता तिचे तुकडे करतायत. ज्यांनी तिच्यावर मधुचंद्र केला त्यांनी ते फोटो बघितले असतील. ‘क्वीन मेरी’ मात्र कॅलिफोर्नियात लाँग बीचला १९६७पासून उभी आहे, पुढे तिचं हॉटेल झालं, आणि लोक आजही तिच्या डेकवर चालतात. आपलीचं तसं व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि बोट गमावणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. एक अमेरिकन बाई, वयाने तुमच्या-माझ्याहून खूप मोठ्या, यजमान गेल्यावर या बोटीवरच राहायला आल्या, त्याला आता आठ वर्षं होतील. केबिन हेच घर. वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल आलंय. नोव्हेंबरात त्यांचं घरच सुटणार. वाचलं तेव्हा मला वाटलं, त्यांना “लोखंडासाठी काय” असं कोण म्हणू शकेल?

आता जाण्याबद्दल काही गोष्टी, अनुभवाच्या.

मुलाने फेरी बरोबर निवडली आहे. ११ नोव्हेंबरला साउथॅम्प्टनहून दुबईला जाणारी शेवटची सफर तुमच्यासाठी नव्हे. तिथे रोज सोहळा, रोज भाषणं, रोज कुणीतरी रडणार, आणि शेवटी परक्या बंदरात उतरायचं. तुमची फेरी पश्चिमेची, न्यू यॉर्कची. बोट ज्यासाठी बांधली ते काम. येताना ती कंपनीच्या नव्या ‘क्वीन मेरी टू’च्या जोडीने परतणार आहे आणि मुलाला वाटेल की तेवढ्यासाठी येतानाही बोटीनेच येऊ. नको. पूर्वेला येताना बोट रोज तुमचा एक तास काढून घेते. १९८२ला तुम्ही विमानाने आलात तेव्हा पाचही तास एका रात्रीत दिलेत, फारसं कळलं नाही. तसंच बरं.

अटलांटिक ऑक्टोबरात खवळतो हे तुम्हाला माहीत आहे. बोट लागली तर पहिला दिवस आडवं पडा, कोरडं काहीतरी खा, मधल्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर थांबा. तिथे हेलकावा कमी. घाबरू मात्र नका. ही सहलीच्या बोटींसारखी उंच पेटी नाही. हिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि धारदार आहे, पोट पाण्यात खोल आहे, ती याच समुद्रासाठी घडवली आहे. १९९५च्या सप्टेंबरात वादळात सुमारे २९ मीटर उंचीची एक लाट तिच्यावर आली. कप्तान रोनाल्ड वॉरविक ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या उंचावरच्या खोलीत, उभे होते आणि लाटेचा माथा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होता. बोट तिच्यात घुसली, बाहेर आली आणि न्यू यॉर्कला पोचली. या कप्तानांचे वडील याच बोटीचे पहिले कप्तान होते. तिच्यावर जीव लावण्याची पिढीजात सवय असलेली माणसं आहेत तिथे, तुम्ही डेकवर एकट्या उभ्या दिसलात तर कुणी चमकणार नाही.

जुनी केबिन मागू नका. नंबर आठवत असला तरी नको. आत जाल, पलंग वेगळा असेल, पडदा वेगळा असेल, आणि उगाच एक जागा कमी होईल. क्वीन्स रूममध्येही पहिल्या रात्री जाऊ नका. पहिल्या संध्याकाळी डेकवर उभ्या राहा, भोंगा ऐका. तो पोटात ऐकू येतो, आठवतं? साउथॅम्प्टनचं पाणी मागे पडेपर्यंत थांबा आणि मग जेवायला जा. क्वीन्स रूम तिसऱ्या दिवशी, दुपारी, उजेडात. रात्रीची तुमची तुम्ही ठरवा.

जिन्यांत आणि मोकळ्या जागांत जुनी चित्रं, बोटींचे नमुने, मानचिन्हं मांडलेली आहेत. फॉकलंडच्या आठवणीही आहेत. मुलाला तिथे घेऊन जा आणि राखाडी बोटीची गोष्ट तुम्ही सांगा. त्याच्याकडून ऐकून घेऊ नका. तो पाच-सहा वर्षांचा असताना आई-वडील त्याला आत्याकडे ठेवून आठवडाभर कुठे गेले होते, हे त्यालाही कधीतरी नीट कळू दे. मला तर वाटतं, त्याने हे तिकीट तुमच्यासाठी काढलं तसंच स्वतःसाठीही काढलंय. वडील घरी नसायचे ते तुमच्या इतकंच त्याच्याही वाट्याला आलं. बोटीवरचे वडील त्याने पाहिलेच नाहीत.

निघण्याआधी त्याला एवढंच सांगून ठेवा की रोज रात्री एक तास आई एकटी असेल, तेव्हा शोधत यायचं नाही. तो समजून घेईल. ज्याने येण्याचं विमानसुद्धा आठवणीने तसंच ठेवलं तो मुलगा समजून घेणारा आहे.

शेवटच्या पहाटे लवकर उठा, अंधारातच. गरम कपडे घाला. न्यू यॉर्क बंदराच्या तोंडाशी व्हेरझॅनो पुलाखालून जाताना सगळ्यात वरच्या डेकवर असायला हवं; धुराडं पुलाला घासणार असं प्रत्येकाला वाटतं आणि प्रत्येक वेळी ते खालून निघून जातं. मग डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवी. त्या वेळी मुलगा शेजारी असू दे.

एक फरक आहे तेवढा लक्षात ठेवा. तुमच्या वेळी पाच रात्री होत्या, आता फेरी संथ केल्यामुळे सहा आहेत. तास मात्र पाचच मिळायचे. म्हणजे एक रात्र अशी येईल की घड्याळ मागे घ्यायची सूचना येणार नाही. त्या रात्री दचकू नका, लवकर झोपा.

न्यू यॉर्कला उतरलात की मला दोन ओळी लिहा. समुद्र कसा होता, चहा अजून तसाच देतात का, मुलाला बोट लागली का. त्या पाच तासांबद्दल काही लिहू नका. ते हिशेबात नाहीत.